लॅपटॉपवरील नेटवर्क नाहीसे होते तेव्हा

(नेपानगर येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



नेपानगर हे गाव कागदाने वसविले. खांडवा–भुसावळ लोहमार्गावरील या ठिकाणी सातपुड्याच्या रानातील सालई आणि बांबू यांपासून वृत्तपत्राचा कागद तयार होऊ लागला आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते हा कारखाना राष्ट्राला अर्पण करण्यात आला. त्यानंतर सुमारे पाव शतक देशात वृत्तपत्राचा कागद काढणारा हा एकमेव कारखाना होता. २०१६ मध्ये येथील यंत्रे थांबली; नूतनीकरणानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये उत्पादनाला पुन्हा प्रारंभ झाला. परंतु दरम्यानच्या काळात बातमी, अर्ज, निकाल आणि शासकीय आदेश यांचा मोठा भाग कागद सोडून पडद्यावर गेलेला आहे. कागद फाटला तर तो डोळ्यांना दिसतो. लॅपटॉपवरचे वायफायचे चिन्ह नाहीसे होऊन त्या जागी पृथ्वीगोलाचे चिन्ह आले, म्हणजे काहीतरी तुटले एवढेच कळते. काय तुटले आणि कोठे तुटले, हे कळत नाही. आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे.

हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तसा तो नाही. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील ग्रामपंचायतीत समग्र पोर्टलवर एखाद्या कुटुंबाची ई-केवायसी व्हावयाची असते, शेतकऱ्याला गहू विकण्यासाठी ई-उपार्जनावर नोंद करावयाची असते, शाळेला विद्यार्थ्यांची माहिती यूडायस प्लसवर भरावयाची असते. राज्याच्या सीमेपलीकडे रावेर, मुक्ताईनगर या तालुक्यांत महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज चढवावे लागतात. या सर्व कामांना शेवटची तारीख असते आणि ‘त्या दिवशी लॅपटॉपवर नेट नव्हते’ ही सबब कोणतेही पोर्टल ऐकून घेत नाही. ज्याचा लॅपटॉप बंद पडतो त्याचे त्यात फारसे बिघडत नाही. बिघडते ते बाहेर बाकावर कागदपत्रांची पिशवी घेऊन बसलेल्या माणसाचे.

जाळे गावापर्यंत पोहोचविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झालेले आहे, हे मान्य करावयास हवे. ग्रामपंचायतींना काचतंतूच्या तारेने जोडण्याच्या योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. नेपानगरहून पूर्वेकडे सातपुड्याच्या रांगा ओलांडल्या की मेळघाट लागतो. तेथील हरिसाल या आदिवासी गावात २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या साह्याने डिजिटल गावाचा प्रयोग केला. दूरवरच्या डॉक्टरांचा सल्ला गावात बसून मिळावा, शाळेला आणि दुकानांना नव्या साधनांचा उपयोग व्हावा, असा त्यामागील हेतू होता. उलट, २०२० सालच्या टाळेबंदीत सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीला पशुवैद्यकाचा अभ्यास करण्यासाठी डोंगरावर झोपडी बांधून बसावे लागले, कारण घरी लहरी पोहोचत नव्हत्या. डोंगराची अडचण शासनाने किंवा कंपनीने दूर करावयाची असते. तथापि, लहरी खोलीत येऊन पोहोचल्या आहेत, शेजारच्या मोबाइलवर सर्व काही चालू आहे आणि तरीही लॅपटॉप ‘नेटवर्क सापडत नाही’ म्हणतो, ही अडचण शेवटच्या वीतभर अंतरातली आहे आणि ती बहुतेक वेळा वापरणाऱ्यालाच सोडविता येते.

अशा वेळी सर्वसाधारणपणे दोन गोष्टी घडतात. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात जातो आणि तेथे त्याचे ‘फॉरमॅट’ होते. म्हणजे सगळे पुसून नव्याने भरले जाते. एका बंद झालेल्या कळीसाठी वर्षभराच्या नोंदी, छायाचित्रे आणि हजेरीपट पाण्यात जातात. ‘फॉरमॅट’ हा आपल्याकडील संगणक-दुरुस्तीतील सर्वांत महागडा शब्द आहे, असे म्हणावयास हरकत नाही. दुसरी गोष्ट याहून वाईट. कोणी इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘ग्राहक सेवा’ क्रमांकावर मोबाइलने दूरध्वनी करतो आणि पलीकडचा मनुष्य ‘अमुक ॲप घ्या, तुमचा पडदा मला दिसू द्या’ असे सांगतो. पुढे काय होते ते सांगावयास नको. खरा तंत्रज्ञ बँकेचा ओटीपी विचारीत नाही. तो विचारला गेला की दूरध्वनी ठेवावा, आणि पैसे गेलेच असतील तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

कागदाच्या यंत्रावर काम केलेल्या मंडळींना यापुढचे सूत्र सहज पटेल. यंत्रावर कागदाचा पट्टा तुटला म्हणजे कोणी सबंध यंत्र उकलीत बसत नाही. लगदा कसा होता, जाळीवर थर बरोबर बसला का, दाबाच्या रुळांतून तो नीट बाहेर पडला का, वाळवण्याच्या रुळांवर ताण किती होता, असे टप्प्याटप्प्याने पाहिले जाते. लॅपटॉपच्या बाबतीतही आरंभी एकच गोष्ट ठरवावयाची: बिघाड तीन प्रकारांपैकी कोणता? लॅपटॉपला स्वतःचे वायफायचे यंत्रच दिसत नाही, की यंत्र दिसते पण आसपासची नेटवर्के दिसत नाहीत, की नेटवर्क जोडले गेले तरी पाने उघडत नाहीत? हे तिन्ही आजार बाहेरून सारखेच दिसतात आणि त्यांची औषधे मात्र निरनिराळी आहेत.

पहिला प्रकार लोकांना सर्वाधिक घाबरवितो. सेटिंग्जमध्ये ‘वायफाय’ ही ओळच नसते. कळफलकावर विंडोजची कळ आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत एन, सी, पी, ए, मग टिंब, मग सी, पी, एल ही अक्षरे लिहिली की नेटवर्क जोडण्यांची खिडकी उघडते. तीही रिकामी असते. अशा वेळी प्रथम साधे उपाय करावेत आणि ते साधे आहेत म्हणून टाळू नयेत. काही जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायफायची सरकती खिटी असते. पिशवीत घालताना ती सरकते. पुष्कळ लॅपटॉपवर वरच्या ओळीतील एका कळीवर विमानाचे किंवा मनोऱ्याचे चित्र असते; तिच्यावर चुकून बोट पडले की बिनतारी यंत्र झोपी जाते.

यानंतर लॅपटॉप ‘रिस्टार्ट’ करावा. ‘बंद करून पुन्हा चालू केला होता’ असे उत्तर येथे नेहमी मिळते. परंतु या दोन गोष्टी एक नव्हेत. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आलेली आहे. ती चालू असताना ‘शट डाउन’ केले तर विंडोजचा गाभा पूर्णपणे उतरत नाही. त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उचलली जाते. साहजिकच कालचा बिघाडही जसाच्या तसा उचलला जातो. ‘रिस्टार्ट’ केल्यावर मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. त्यानेही भागले नाही तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, बॅटरी सुटी होणारी असल्यास तीही काढावी आणि चालू करण्याची कळ सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावी. आतील भागांत उरलेली वीज त्यामुळे निघून जाते आणि गोठलेले वायफायचे कार्ड पुष्कळदा जागे होते. हा तोडगा गावठी वाटतो; पण तो खरा आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

एवढे करूनही यंत्र दिसले नाही तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. स्टार्टच्या चिन्हावर उजवी टिचकी मारली की तो यादीत सापडतो. हे एक प्रकारचे हजेरीपत्रक आहे. त्यातील ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ या नावाखाली लॅपटॉपमधील जाळ्याशी संबंधित सर्व यंत्रांची नावे असतात. ‘वॅन मिनिपोर्ट’ अशी सात-आठ नावे तेथे दिसतात. ती आभासी आहेत, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. इंटेल, रियलटेक, मीडियाटेक किंवा क्वालकॉम अशा नावापुढे ‘वायफाय’ किंवा ‘वायरलेस’ असा शब्द शोधावा. नाव आहे आणि त्याच्या चिन्हावर खाली वळलेला लहान बाण आहे, तर यंत्र कोणीतरी बंद केलेले आहे. उजवी टिचकी मारून ‘एनेबल’ म्हणावे, काम संपले. पिवळा त्रिकोण असेल तर ‘प्रॉपर्टीज’मध्ये त्रुटीचा क्रमांक लिहिलेला असतो. बहुतेक लोक हा क्रमांक न वाचताच खिडकी मिटतात, हे दुर्दैव होय. २२ म्हणजे यंत्र बंद केलेले आहे. २८ म्हणजे त्याचा ड्रायव्हर बसविलेलाच नाही. १० म्हणजे ते सुरू होऊ शकले नाही. ४३ म्हणजे यंत्रानेच बिघाड कळविलेला आहे. ४५ म्हणजे ते या घटकेला जोडलेलेच नाही.

‘ड्रायव्हर’ या शब्दाचा थोडा खुलासा आवश्यक आहे. वायफायचे कार्ड आणि विंडोज यांची भाषा एक नव्हे. दोघांमधील दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. विंडोज अद्ययावत झाल्यानंतर काही वेळा हा दुभाषी बदलला जातो आणि नव्याला जुन्या कार्डाची बोली समजत नाही. काल चालत होते आणि काल रात्रीच्या अपडेटनंतर गेले, असा अनुभव असेल तर त्याच खिडकीतील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण उपयोगी पडते. जुना दुभाषी परत कामावर येतो. ड्रायव्हर नव्याने बसवावयाचा असेल तर तो लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, लॅपटॉपच्या पाठीवर छापलेला मॉडेल क्रमांक देऊन घ्यावा. ‘सर्व ड्रायव्हर विनामूल्य’ अशी जाहिरात करणाऱ्या ठिकाणांवरून तो घेऊ नये. जुना ड्रायव्हर काढताना तो डिस्कवरूनही पुसावा काय, असे एका चौकटीत विचारले जाते. नवा हाती नसेल तर तेथे खूण करू नये.

येथे एक मौजेची अडचण उभी राहते. नेट चालू करण्यासाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आणण्यासाठी नेट हवे! यावर उपाय खिशातच असतो. मोबाइल चार्जिंगच्या तारेने लॅपटॉपला जोडावा आणि अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. लॅपटॉप त्या मोबाइलला तारेने जोडलेले नेटवर्क समजतो. वायफायच्या कार्डाची गरजच उरत नाही. अर्जाची शेवटची तारीख आजच असेल तर दुरुस्ती बाजूला ठेवून प्रथम याच मार्गाने अर्ज भरावा. बाकावर बसलेल्या माणसाला लॅपटॉपचा आजार कळून उपयोग नाही; त्याला पोचपावती हवी आहे.

हजेरीपत्रकात वायफायचे नावच नसेल तर ‘व्ह्यू’ या यादीतून लपलेली यंत्रे दाखविण्यास सांगावे आणि ‘ब्लूटूथ’ आहे का, तेही पाहावे. पुष्कळ लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात. दोन्ही एकदमच बेपत्ता असतील तर संशय ड्रायव्हरवरून कार्डावर जातो: ते जागेवरून हललेले आहे, बायोसमध्ये बंद केलेले आहे किंवा निकामी झालेले आहे. कार्ड बोटाच्या पेराएवढे असते; अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब असते. त्याला जोडलेल्या दोन बारीक तारा म्हणजे त्याचे कान. लॅपटॉप पडल्यानंतर किंवा दुरुस्तीहून आल्यानंतर राउटरच्या अगदी शेजारी नेट चालते आणि दाराबाहेर चालत नाही, असे झाले तर या तारा निसटलेल्या असण्याचा दाट संभव असतो. हे काम जाणकाराकडे द्यावे. मात्र काय झाले आहे ते त्याला सांगून द्यावे. कार्ड निकामीच झाले असेल तर काही शे रुपयांत मिळणारे, यूएसबीत खोचावयाचे वायफायचे साधन वापरून जुना लॅपटॉप कामात ठेवता येतो.

एक कारण मात्र हजेरीपत्रकात दिसत नाही. कार्ड ठणठणीत, ड्रायव्हर ठीक, तरी वायफाय नाही. विंडोजमध्ये ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ नावाची एक सेवा पडद्यामागे चालते. ती थांबली की बिनतारी नेटवर्काचा सर्व कारभार थांबतो. ‘सर्व्हिसेस’च्या यादीत तिचे नाव शोधून ती चालू करावी आणि ‘ऑटोमॅटिक’ ठेवावी. लॅपटॉप ‘वेगवान’ करून देण्याचे आश्वासन देणारी काही सॉफ्टवेअरे अशा सेवा परस्पर बंद करतात, म्हणून हे सांगणे भाग आहे.

दुसरा प्रकार थोडक्यात सांगता येईल. यंत्र आहे, पण यादीत आपले नेटवर्क दिसत नाही. प्रथम मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून तो लॅपटॉपला दिसतो का, ते पाहावे. दिसला तर लॅपटॉप निर्दोष आहे, राउटरकडे वळावे. राउटर दोन पट्ट्यांवर लहरी सोडतो: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. जुन्या लॅपटॉपना पुष्कळदा दुसरा पट्टा ऐकूच येत नाही. राउटर नवा आणला आणि जुना लॅपटॉप मुका झाला, याचे कारण बहुधा हेच. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ ते १३ क्रमांकांच्या वाहिन्या वापरता येतात. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे जुळविलेल्या काही कार्डांना १२ आणि १३ या वाहिन्या दिसत नाहीत. राउटर १, ६ किंवा ११ क्रमांकाच्या वाहिनीवर ठेवला की प्रश्न मिटतो.

तिसऱ्या प्रकारासाठी नेपानगरच्या माणसाने बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आठवावा. अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळात, १६१५ मध्ये, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत कालव्याने शहरात आणले गेले. या कालव्यावर ठिकठिकाणी विहिरीसारख्या कुंड्या आहेत, एकूण शंभराहून अधिक. पाणी केवळ उताराने वाहते. अशा रचनेत शेवटच्या कुंडीला पाणी आले नाही, तर डोंगर खणावयास कोणी जाणार नाही. मागच्या कुंडीत डोकवावे, मग तिच्या मागच्या. ज्या कुंडीत पाणी आहे आणि जिच्या पुढे ते नाही, त्या दोहोंच्या मध्येच खोळंबा असणार.

लॅपटॉप जोडला गेला आणि पाने उघडत नाहीत, तेव्हा हेच करावे. ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही अक्षरे लिहिली की लॅपटॉपचा पत्ता दिसतो. हा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही आणि लॅपटॉपने तो स्वतःच मानून घेतला आहे. खोळंबा पहिल्याच दोन कुंड्यांमध्ये आहे. जोडणी एकदा तोडून पुन्हा जोडावी, राउटर बंद करून चालू करावा. पत्ता बरोबर असेल तर त्याखाली ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून राउटरचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ असा. ‘पिंग’ हा शब्द लिहून पुढे तो पत्ता द्यावा. उत्तर आले तर त्यापुढच्या कुंडीत डोकवावे: पिंग, आणि पुढे चार वेळा आठ, मध्ये टिंबे. हा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे. राउटर उत्तर देतो आणि हा देत नाही, तर बिघाड घराबाहेर आहे. काचतंतूच्या जोडणीत भिंतीवरील पेटीवर ‘लॉस’ नावाचा दिवा असतो. तो तांबडा लुकलुकत असेल तर प्रकाश तारेतून येतच नाही. तार कोठे घडी पडून मोडली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, एवढे पाहून कंपनीला कळवावे. काचेची तार विजेच्या तारेसारखी करकचून दुमडू नये, हे शाळेतील शिपायालाही सांगून ठेवावे.

चार आठांचे उत्तर येते, पण नावाने पाने उघडत नाहीत, असेही होते. तेव्हा नावाचे पत्त्यात रूपांतर करणारी डीएनएस ही निर्देशिका चुकते आहे, असे समजावे. आणि पाने ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडत असतील तर पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. आतील लहान सेल संपला की लॅपटॉपचे घड्याळ काही वर्षे मागे जाते. पोर्टलच्या प्रमाणपत्राची मुदत त्याला चुकीची वाटते आणि ते दार बंद करते. तारीख दुरुस्त केली की दार उघडते. यासाठीही लॅपटॉप फॉरमॅट झाल्याची उदाहरणे आहेत.

‘नेटवर्क रीसेट’ हे बटण सर्वांत शेवटी. ते सर्व अडॅप्टर काढून पुन्हा बसविते आणि साठवलेले सर्व वायफाय पासवर्ड विसरते. पासवर्ड जवळ नसताना ते दाबणे म्हणजे किल्ली आत ठेवून कुलूप लावणे होय. ज्या लॅपटॉपवर अजून विंडोज १० आहे, त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की त्याचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

प्रत्येक शाळेने आणि ग्रामपंचायतीने एक काम या आठवड्यातच करावे. एका कोऱ्या कागदावर लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक, वायफाय कार्डाचे डिव्हाइस मॅनेजरमधील नाव, राउटरचा पत्ता, जोडणीचा ग्राहक क्रमांक आणि कंपनीच्या बिलावर छापलेला तक्रार क्रमांक लिहावा. पासवर्ड त्यावर न लिहिता वेगळ्या, कुलपातल्या वहीत ठेवावा. वायफायचा ड्रायव्हर एका पेन ड्राइव्हमध्ये उतरवून तो त्या कागदासोबत पाकिटात घालावा, आणि पाकीट लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता कपाटात ठेवावे; पिशवी बहुधा लॅपटॉपबरोबरच दुरुस्तीला जाते.